सारख्या दिसणाऱ्या शब्दांची कार्डं

३ सप्टेंबर
आजही तेच. quiet म्हणजे शांत, quite म्हणजे अगदी. अक्षरं तीच, शेवटची दोन फक्त मागेपुढे. चित्र होतं गाढ झोपलेल्या बाळाचं — यांनी quite उचललं. नोकरीभर वर्गात इंग्रजीच शिकवलं या माणसाने. मेंदूला झटका आला आणि सगळं पुसलं गेलं. वाचा परत यावी म्हणून थेरपीच्या बाईंनी ही कार्डं दिलीत, रोज घरी सराव करून घ्यायला. माझं इंग्रजी सातवीपुरतं. मी काय नवऱ्याची परीक्षा घेणार?

५ सप्टेंबर
सगळी चुकली. सुरुवातीला पटापट लावायचे, मी लगेच उठून शिलाईला बसायचे; आता तासभर समोर बसून राहावं लागतं.

९ सप्टेंबर
lose म्हणजे हरवणं, loose म्हणजे सैल. मला तोंडपाठ झालं, यांना नाही. आज आवाज चढलाच माझा. "अहो, नीट बघा ना, एक ओ जास्त आहे." नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

पूर्वी पाहुण्यांसमोर माझे उच्चार सुधारायचे. अंगाचा तिळपापड व्हायचा! आता वाटतं, एकदा तरी चुकीचं म्हणा मला.

१० सप्टेंबर
लेकीचा फोन. "आई, आता बाबा जेवढे आहेत तेवढेच धरून चाल." फोन ठेवला.

१४ सप्टेंबर
desert वाळवंट, dessert जेवणानंतरचं गोड. यांनी वाळूच्या डोंगरावर गोड ठेवलं. मी कार्डं गोळा करून डब्यात कोंबली. शिवायला आलेले कपडे तसेच पडलेत, गिऱ्हाइकं तोंडावर बोलतात. कशासाठी करतेय मी हे? उद्या बाईंना सांगणार — बंद करा.

१५ सप्टेंबर
सांगितलं. बाईंना नवलच वाटलं. "घरी चुकतात? माझ्याकडे तर हल्ली एकही चुकत नाही. म्हटलं नव्हतं का, छान चाललंय?"

म्हटलं होतं. मला वाटायचं, धीर द्यायला म्हणतात. एरवी मी बाहेरच बाकावर बसते. आज त्यांनी मला आत बसवलं आणि कार्डं मांडली. यांनी भराभर लावली. एकही चूक नाही. पूर्ण वेळ मान खाली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर कार्डांचा डबा कपाटावर टाकला. इतके दिवस माझी थट्टा चालली होती?

१६ सप्टेंबर
सकाळी विचारलंच, का केलंत असं. बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "बरोबर आलं... की तू... उठून जातेस."