दर माणशी अठरा लिटर

सोमवार, ४ नोव्हेंबर

शेवटी गळ्यात पडलंच. मोठ्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. परदेशातली एक शाळा आपली जोडशाळा झाली आहे म्हणे. दोन्हीकडच्या सातवीच्या मुलांनी आठवडाभर घरातलं पाणी मोजायचं, माणशी किती लागतं ते काढायचं, मग पडद्यावर एकमेकांना दाखवायचं. विषय – पृथ्वीचं भविष्य!

"तुम्हाला त्यांची भाषा येते, म्हणून तुम्ही." एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतेय, त्याचं काही नाही. भाषा येते म्हणून मी.

वर्षअखेर दोन मुलं आणि एक शिक्षक तिकडे जाणार आहेत. हे त्यांनी सर्वांत शेवटी सांगितलं, पण मला तेवढंच नीट ऐकू आलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मुलांना मोजायला शिकवलं. बादलीला आतून खुणा करायच्या, किती मग, किती तांबे, सगळं लिहायचं. तिसऱ्या बाकावरची उंच, किडकिडीत मुलगी – वर्ग तिला मोजपट्टी म्हणतो – तिनं हात वर केला. "बाई, नळ गळतो तेपण धरायचं?" म्हटलं, धर. "आणि भाजी धुतलेलं पाणी परत फरशीला वापरलं तर? एकदा की दोनदा?"

एकदाच धर म्हटलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पडद्यावर पहिली भेट. पलीकडचे सर हसरे, अंगात जाड स्वेटर, मागे भिंतभर मुलांची चित्रं. त्यांची मुलं एकेक करून पुढे आली आणि आपण फार वेळ अंघोळ करतो याची माफी मागून गेली. आमच्या मुलांना कळेना, माफी कुणाची मागतायत! एक जण मागून पुटपुटला, "आपण काय त्यांच्या आया आहोत?" मी डोळे वटारले, पण हसू आलंच.

सोमवार, १८ नोव्हेंबर

चौतीस वह्या आल्या. दुपारभर तपासल्या.

मोजपट्टीची वही बघून थांबले. घरात पाच माणसं. दिवसाला सहा बादल्या, पंधरा लिटरची एक. वाराप्रमाणे रकाने. "बुध – नळ आला नाही. गुरु – चाळीस मिनिटं आला. आईनं केस धुतले, नऊ लिटर. तेच पाणी संडासला." आठवड्याचा हिशेब करून खाली रेघ मारलेली – दर माणशी अठरा लिटर.

तिच्याच मागच्या बाकावर डॉक्टरांचा मुलगा. दोनशे चाळीस! गाडी रोज धुतात. दोन्ही घरांच्या मध्ये पायी वीस मिनिटं.

वर्गाची सरासरी एकसष्ट. पलीकडच्यांची एकशे चाळीस. खरं सांगायचं तर आनंद झाला. वाटलं, शिकवण्यासारखं काहीतरी हाती आलं. आपलं आपण बघायचं – दुसऱ्या देशाकडे बघायची गरजच काय!

बुधवार, २० नोव्हेंबर

मोठ्या बाईंनी आकडे बघितले. तोंड आंबट.

"हे पडद्यावर दाखवायचं? अठरा? एकोणीस? लोक म्हणतील, यांची मुलं अंघोळ करत नाहीत."

म्हटलं, करतात. अर्ध्या बादलीत करतात.

"मुलांना मोजता आलं नसेल. पंचविसाच्या खालच्या या बारा वह्या अपुऱ्या समजा आणि काढा." मग आवाज खाली आणून – "तिकडे कोण जाणार ते मलाच ठरवायचं आहे, तुम्हाला माहीत आहे."

मी "बघते" म्हणाले. माझा आवडता शब्द. यात हो पण नाही, नाही पण नाही.

घरी ह्यांना सांगितलं. हे छापखान्यातून आलेले, बोटं शाईनं काळी. म्हणाले, "छापून झाल्यावर चूक सापडली की आम्ही शुद्धिपत्रक काढतो. तुम्ही तर आधीच चूक घालताय." मग चहा ओतता ओतता, "तुला जायचंय ना?"

कधीही विमानात न बसलेल्या बाईला असं विचारू नये.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काढल्या. बारा. कारण – नोंदी अपुऱ्या. नवी सरासरी त्र्याऐंशी.

पाच मिनिटंही लागली नाहीत. याचंच जास्त वाईट वाटतंय.

सोमवार, २५ नोव्हेंबर

तक्ता वर्गात लावला. मुलं घोळक्यानं आपापलं नाव शोधत होती. मोजपट्टी वरून खाली बोट फिरवत गेली, परत वर आली. घंटा झाल्यावर माझ्या टेबलापाशी.

"बाई, माझं कुठं चुकलं?"

भांडण नाही, रडणं नाही. गणितात चूक दाखवतात तशी तिला ती बघायची होती. आणि मी – एकोणीस वर्षांची अनुभवी – काय म्हणावं! "गळतीचं धरलं नसशील."

धरलं होतं. पहिल्याच पानावर. मी वाचलं होतं.

ती म्हणाली, "परत मोजते."

सोमवार, २ डिसेंबर

आज शाळा सुटताना फाटकापाशी तिची आई उभी. इस्त्रीच्या दुकानात काम करते, मनगटावर भाजल्याचे डाग. हातात वही.

"बाई, हिनं आठ दिवस घर डोक्यावर घेतलंय. धाकट्याला न मोजता पाणी पिऊ देईना. तो रडला तर म्हणते, बाई म्हणाल्या चुकलं. काल मी मारलं तिला." मग वही पुढे करून – "आमचं तेवढंच असतं, बाई. सहा बादल्या. चुकत नाही ते."

वही उघडली. परत अठरा.

खरं तर तिथंच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "हुशार आहे हो तुमची मुलगी." त्या खुश झाल्या! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, ४ डिसेंबर

माझं नाव लागलं. सोबत डॉक्टरांचा मुलगा आणि आणखी एक. सगळ्या शिक्षकांनी अभिनंदन केलं. एकीनं तर जाड कोट देऊ केला.

शुक्रवार, ६ डिसेंबर

मोठ्या बाईंच्या हुकमावरून आज "पाणी वाचवा"ची भित्तिपत्रकं. सगळे थेंब रंगवत बसले होते. मोजपट्टीचा कागद कोरा. विचारलं, का गं?

"अजून किती वाचवू, बाई?"

खरंच विचारत होती. वर्ग खो-खो हसला. आणि मीही हसले. तोंडातून निघूनच गेलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, निळा खडू उचलला आणि थेंब काढायला लागली.

सोमवार, ९ डिसेंबर

पुरे झालं. सकाळी मोठ्या बाईंना सांगितलं, मी जाणार नाही. दुसऱ्या कुणाला पाठवा.

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

म्हटलं, आत्ताच आलंय.

गुरुवारी पडद्यावर शेवटची भेट. सगळ्यांसमोर – पलीकडचे सर, त्यांची मुलं, मोठ्या बाई, पालक – मोजपट्टीला उभं करणार. तिनं आपले आकडे वाचायचे. मग मी उठून सांगणार की या बारा वह्या मी काढल्या, आणि का काढल्या. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "शुद्धिपत्रक!" आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बुधवार, ११ डिसेंबर

तिला वऱ्हांड्यात गाठलं. "उद्या सगळ्यांसमोर तू वाचायचं. तुझ्या घरचं पाणी. नीट तयारी करून ये." बाकी काही बोलले नाही. बोलले असते तर तिथंच रडू फुटलं असतं. उद्या तिला कळेलच.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिनं मान डोलावली. मग वर्गात जाऊन भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभी राहिली.

गुरुवार, १२ डिसेंबर

उभी राहिली. नवी कोरी वही. मी वर्गाला शिकवलेल्या त्यांच्या भाषेतल्या वाक्यांत, एकही चूक न करता, खणखणीत आवाजात वाचलं – शॉवर, साठ लिटर. कपड्यांचं मशीन, पंधरा. बाग, दहा. दर माणशी पंच्याऐंशी.

तिकडची मुलं टाळ्या वाजवत होती. मोठ्या बाईही. मी खुर्चीतून अर्धी उठलेली, तशीच.

खाली बसण्याआधी तिनं माझ्याकडे बघितलं – या वेळी बरोबर आलं का, ते.