वरातीच्या गाडीत कोणतं ऑइल टाकायचं

मु. एटापल्ली
ता. ९ मार्च १९८६

तीर्थरूप हरिदास भाऊजी यांस,

तुमचा साळा लहानू याचा जयभीम. बहीण रुखमाबाईले आणि तुमच्या आईलेही सांगा. मी इथी बरा आहे. (बरा म्हणजे चालता येते. उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा डाग आहे, तो आता जन्मभराचा.) तुमची तब्येत कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाई, पण पत्र वाचून तरी चांगली वाटते. ज्याची तब्येत चांगली असते त्यालेच असं पत्र लिहिता येते.

तुम्ही लिहिलं की सोमाजीचं आणि वच्छलाचं लग्न तीस तारखेले ठरलं. सोमाजी तुमचा लहान भाऊ, आनंद आहे. मोटारसायकल दुरुस्त होऊन आली, तिच्यावरच वरात काढायची, हेही वाचलं. आणि खाली एक ओळ, ‘गाडीत कोणतं ऑइल टाकावं ते कळव, तुले अनुभव आहे.’

भाऊजी, हे पत्र मी चार वेळा वाचलं. (सातवी नापास माणसाले पहिल्या वेळेस सगळं समजत नाई.) चारही वेळा त्यात तेच निघालं. जी पोरगी मले पाहायची होती ती तुमच्या भावाले दिली, ज्या गाडीनं मले पाडलं तिच्यावर त्याची वरात, आणि तेल कोणतं घालायचं ते मी सांगायचं. विचारलंच आहे तं सांगतो. पण ऑइलचा प्रश्न एका ओळीत विचारता येते, एका ओळीत सांगता येत नाई.

दिवाळीले गाडी तुम्हीच दिली, हे मी विसरलो नाई. तुम्हीच म्हणाले होते की गुणवंतरावाची वच्छला पाहायले येशीन तं गाडीवर ये, येस्टीतून उतरणाऱ्या पोराचं वजन राहत नाई. आणि गाडी देताना सांगितलं, चांगलं ऑइल टाकजो. बस, एवढंच. चांगलं म्हणजे कोणतं, हे तुम्ही सांगितलं नाई आणि मी विचारलं नाई. माणूस गाडी फुकट देते तेव्हा त्याले जास्त विचारू नये असं मले वाटलं. गाडी पेट्रोलात ऑइल मिसळून पिते एवढं माहीत होतं, पण ऑइल नसलं की तिचं पोट जळते, हे मले चंद्रपूरच्या मेस्त्रीनं सांगितलं. म्हणजे पोट जळून झाल्यावर.

गाडीसोबत तुम्ही दिलेली ऑइलची बाटली जानेवारीपर्यंत पुरली. पाहायचा दिवस ठरला रविवार, एकोणीस तारीख. वच्छलाले मी त्याच्या आधी एकदाच पाहिलं होतं, पोंभुर्ण्याले, जयंतीच्या मिरवणुकीत. ती रुखमाबाईसोबत होती. तिनं मले विचारलं, तुमच्या एटापल्लीले सिनेमा आहे का. मी म्हटलं, आहे. (नाई.) पण ती हसली आणि मी ठरवून टाकलं की आता हे काम सोडायचं नाई. भाऊजी, तुमाले माहीत आहे मी किती कामं सोडली. तुमच्या हिशेबानं हे बांबूच्या ठेकेदाराकडे हजेरी घ्यायचं पाचवं काम, खरं तं सहावं आहे, एक मी घरी सांगितलंच नाई. तिच्यासाठी म्हणून पहिल्यांदा एका जागी टिकलो. आता मुद्द्यावर येतो, म्हणजे ऑइलवर.

एटापल्लीत सल्ला फुकट आहे आणि ऑइल मिळत नाई. पहिले ठेकेदाराच्या ट्रकचा ड्रायव्हर चैतू याले विचारलं. तो म्हणे, ‘लोखंडाले का समजते बे, ट्रकचं आहे का फटफटीचं? वंगण पाहिजे, बस.’ आणि ट्रकमधून काढलेलं जुनं काळं ऑइल त्यानं बाटलीत भरून दिलं. ते मी लगेच टाकणार होतो, पण माझा शर्ट नवा होता, पांढरा, आणि त्या तेलाचा धूर अंगावर घेऊन पोरगी पाहायले गेलो असतो तं लोकाइले वाटलं असतं हा कोळशाच्या खाणीत आहे. (खाणीत मी होतो. ते चौथं काम.)

मंग किराण्याच्या दुकानात एक डबा सापडला, वरती इंग्रजी. दुकानदाराले वाचता येत नाई, मले येत नाई, म्हणून दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे नेला. त्यानं चष्मा लावून पूर्ण डबा वाचला. आगीपासून दूर ठेवा. कोरड्या जागी ठेवा. डोळ्यात गेल्यास डॉक्टरले दाखवा. मी म्हटलं, साहेब, कोणत्या इंजिनाचं आहे ते पहा. तो म्हणे, ‘तिथली चिठ्ठी झिजली आहे. पण डोळ्यात टाकू नको.’ अर्धा दिवस घालवून मी एवढं शिकलो की मोटारसायकलचं ऑइल डोळ्यात टाकू नये. तुम्हीही टाकू नका.

राहिली बुधरी. मी जिच्या घरी राहतो ती म्हातारी. तिच्याकडे टोरीचं तेल असते, मोहाच्या बियांचं, पिवळं, जाड, घरच्या घाण्याचं. ती त्यातच रांधते, तेच दिव्यात घालते, तेच डोक्याले लावते आणि बंडीच्या चाकालेही तेच. ती म्हणे, ‘बंडीले चालते, माणसाले चालते, तुह्या गाडीले काऊन नाई चालन? ती का माणसाहून मोठी आहे?’ आता याले उत्तर असन तं तुम्ही सांगा. तिनं पैसेही घेतले नाई, उलट म्हणाली की सून आणशीन तं तिलेही देईन.

शनिवारी दुपारी उन्हात तेल पेट्रोलात ओतलं, काडीनं ढवळलं, आणि किक मारली. गाडी सुरू झाली. धूर असा निघाला की पूर्ण गल्लीत पुऱ्या तळून राह्यले असं वाटावं. शेजारचे दोघं तिघं आले, विचारलं, जेवण कशाचं आहे. मी म्हटलं, आता नाई, पुढच्या महिन्यात आहे. तेवढं सांगताना मले जे वाटलं ते मी लिहीत नाई.

आता नीट वाचा, कारण अनुभव तो इथी आहे. टोरीचं तेल थंडीत गोठते. तुपासारखं. हे बुधरीले माहीत, मले माहीत, तुमच्या आईलेही माहीत असन, पण टाकीतलं तेल गोठन हे कोणाच्याच डोक्यात आलं नाई. रविवारी सकाळी दात वाजत होते. चाळीस किका मारल्या, गाडी फुरफुर करे आणि बंद पडे. टाकीचा कॉक खोलला तं आत पांढरा गोळा. मले वाटलं पेट्रोलात कचरा आला. टाकी उलटी करून सगळे गोळे काढले, फेकले, टाकी आतून धुतली, आणि साधं पेट्रोल भरलं. म्हणजे भाऊजी, मी माझ्या हातानं गाडीतलं सगळं ऑइल काढून उकिरड्यावर टाकलं आणि वरून खुश झालो. आणि गाडी अशी पळाली म्हणता. आलापल्ली कधी मागं गेली समजलं नाई. सागाच्या झाडाइमधून मी गाणं म्हणत चाललो होतो. आष्टीच्या रस्त्याले, चढावर, इंजिन एकदम आवळलं, मागचं चाक जाम झालं, आणि मी नव्या शर्टात रस्त्यावर. सायलेन्सर पोटरीवर. तिथून ट्रकनं गाडी चंद्रपूरच्या मेस्त्रीकडे टाकली, मंग पायी, मंग दुसऱ्या ट्रकनं मी तुमच्या घरी सोमवारी पोचलो.

रुखमाबाईनं पोटरीले हळद लावली आणि लावता लावता सांगितलं की सोमाजीचं जमलं. दोन्ही सोबतच, म्हणजे कोणतं झोंबलं ते मले समजू नये. रविवारी तुम्ही सगळे गुणवंतरावाच्या घरी एक वाजेपर्यंत थांबले म्हणे. पाहुणे आलेले, रांधलेलं, पोरगी तयार, मांडलेला पाट रिकामा. कोणीतरी म्हटलं, ‘सोमाजी आहे ना, त्याले बसवा तवर.’ (कोणी म्हटलं ते बाईनं सांगितलं नाई. मी विचारलंही नाई. घरात तुमच्याशिवाय एवढ्या जोरात कोण बोलते.) आणि तवर बसवलेला माणूस अजून उठला नाई. सोमाजी पोरगा वाईट नाई. तो येस्टीनं आला होता. येस्टीत ऑइल सरकार टाकते.

तर माझ्या अनुभवानं, तुम्ही टोरीचंच तेल टाका. भरपूर टाका. मार्चात गोठत नाई, वरात निघाली की गावभर पुऱ्यांचा वास सुटन, आणि पुढं जे होईन ते होईन.

मोठ्यांपुढं जास्त बोललो असन तं पोटात घाला. घरच्याइले जयभीम.

तुमचा आज्ञाधारक साळा
लहानू

ता. क. टोरीचं तेल टाकू नका. ते रागात लिहिलं. चाक जाम झालं की मागं बसलेला माणूस आधी पडते, आणि मागं वच्छला बसन. खरं ऑइल मी चंद्रपूरले जाऊन त्याच मेस्त्रीकडून आणलं आहे, नवा डबा, बंद. येस्टीच्या कंडक्टरजवळ देतो, पोंभुर्ण्याच्या स्टँडवर घ्या. पाच लिटर पेट्रोलले पाव लिटर, आधी वेगळ्या डब्यात मिसळून मंगच टाकीत. सोमाजीले म्हणा, चढावर जोर देऊ नको. डबा माझा आहे हे सांगायची गरज नाई.

ता. क. दुसरा. लग्नाले मी येत नाई. ठेकेदार मले सिरोंच्याले पाठवून राह्यला. (पाठवत नाई. मी मागून घेतलं.)

ता. क. तिसरा. हे सगळं पत्र खरं तं एका गोष्टीसाठी लिहिलं. रुखमाबाईले विचारून मले कळवा, त्या दिवशी कोणीतरी ‘सोमाजीले बसवा तवर’ असं म्हटल्यावर वच्छला काही बोलली का. नाई बोलली असन तं नाई लिहा. पण बोलली असन तं काय, ते पूर्ण लिहा.