गाल कुणाला दाखवायचा?

३ फेब्रु.
आईचा तिसरा दात आज काढला. चट्टा तिथेच. डाव्या गालाच्या आत, हिरडीला लागून, पांढरट, मध्ये लाल. दिवाळीपासून आहे. नारपोलीच्या डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "अम्मा, दाँत गाल पे घिस रहा था, निकाल दिया, अब आराम मिलेगा." आधीच्या दोन डेंटिस्टांनीही हेच सांगून एकेक दात काढला होता. आता त्या बाजूला घासायला दातच उरला नाही. पुढे काय काढणार, जबडा?

६ फेब्रु.
अर्धी रजा. वडप्याला गोडाऊनमध्ये साहेबांचं तोंड वाकडं. आईला कान-नाक-घसावाल्याकडे नेलं. टॉर्च मारला. "घसा क्लीन आहे. गाल डेंटिस्टला दाखवा." म्हटलं, तिकडूनच आलोय. दातवाला दात बघणार, घसेवाला घसा. मधला गाल काय बेवारस आहे? तोंडावर बोलले. आई जिन्यात म्हणाली, "एवडं वरडायचं न्हाय. डाक्टर हाय तो."

९ फेब्रु., रवि.
शेलार गावच्या बुद्धविहारात वंदना आईच सांगते, मी लहान असल्यापासून. आज दोन ओळींनंतर थांबली. जळजळ. बाकीच्या बायकांनी पुढे नेलं. घरी येऊन पोळी दुधात कुस्करून खाल्ली, ती अर्धीच. मला आधी रडू आलं, मग संताप.

११ फेब्रु.
नारपोलीला एक्स-रे मागायला गेले. डॉक्टर नव्हते. तिथल्या मदतनीस बाई हळूच म्हणाल्या, "ताई, डेंटल कॉलेजला जा. तिथं नुसतं बघणारे डॉक्टर असतात. काढत न्हायत, भरत न्हायत. तोंडात काय झालंय तेच शोधतात."
म्हणजे अशी माणसं आहेत! तोंडाच्या, जबड्याच्या रोगांचं निदान, एवढंच काम. चार डॉक्टरांना हे माहीत नसेल? असणारच. एकाने तरी चिठ्ठी द्यायची. पहिल्यांदा सांगितलं कुणी, तर खुर्ची पुसणाऱ्या बाईने.

१४ फेब्रु.
कॉलेज. दोन रिक्षा, एक बस. केसपेपर काढला की पहिलं दारच त्यांचं! प्रत्येक पेशंटला आधी तिथेच पाठवतात. आम्ही तीन दात गमावून पोचलो.
डॉक्टरबाई तरुण. गाल उलटा करून बघितला, जीभ उचलून, टाळू, सगळं. मग मागे उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला. इतक्या दिवसांत आईच्या गळ्याला हात लावणारी ही पहिलीच.
"तंबाखू?"
"नाही," मी म्हटलं. नेहमीप्रमाणे.
बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. "आजी, सकाळी दात कशाने घासता?"
"मिश्री लावते ना."
"दिवसातून किती वेळा?"
"सकाळी. जेवल्यावर. मंग काम आटपलं की. चार-पाच येळा."
"ती तंबाखूच भाजून करतात ना?"
"भाजल्यावर कसली तंबाखू? दात घासायची हाय ती."
तंबाखूचं पान तव्यावर भाजून, कुटून, डबी मीच भरून देते दर महिन्याला. धुराने खोकतेसुद्धा. आणि चार ठिकाणी 'तंबाखू – नाही' असं मीच लिहिलं. खोटं लिहितेय असं वाटलंच नाही. आळीतल्या बायका दारात बसून मिश्री लावतात आणि पुरुषांच्या गुटख्याला नावं ठेवतात. मीही ठेवते.
लाज वाटली. पण त्या चौघांना तरी? भिवंडीत दवाखाना थाटून बसलेत, त्यांना मिश्री माहीत नाही? त्यांच्या आया लावत नव्हत्या?
चट्ट्याचा तुकडा काढला तपासायला. बाई म्हणाल्या, आत्ता काहीच सांगत नाही.

१७ फेब्रु.
डबी मोरीत ओतली. आई भडकली. "तू व्हायच्या आदीपासून लावते मी. इचारायचं तरी व्हतं." दिवसभर अबोला. तिच्या भल्यासाठीच केलं ना?

२५ फेब्रु.
काल डॉक्टरबाईंच्या विभागातून फोन. रिपोर्ट आला. काय आहे विचारलं तर, "आजींना घेऊन या." फोनवर सांगायला काय जातं यांचं? रात्र कशी काढली ते माझं मला ठाऊक. आता कॉलेजात, त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.
आईचं नाव पुकारलं. मीही उठले, तर हात धरून खाली बसवलं.
"तू हितंच बस. सगळीकडं तूच बोललीस. तोंड माझं हाय, मी इचारते."
मला! हे दार शोधलं कुणी? रजा कुणी टाकल्या? भांडलं कोण सगळ्यांशी? ती पदर सावरून आत गेलीसुद्धा.
दार लोटलंय. बाईंचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत. बराच वेळ त्याच बोलतायत.
आई अजून काहीच बोललेली नाही.