माडाचा गूळ आणि निळं औषध

मंगळवार, ४ मार्च १९८६

वन्संच्या अंगठ्याची जखम अजून ओलीच! दीड महिना झाला. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. ह्या हसून म्हणतात, "घ्या काढून. चप्पल तरी सैल होईल." पण रिक्षात माझा हात घट्ट धरून होत्या.

हे मधुमेहानं गेले तेव्हा खालच्या आळीतलं स्वतःचं घर बंद करून माझ्या सोबतीला आल्या. सहा वर्षं झाली. सख्खी बहीण एवढं करत नाही.

बुधवार, ५ मार्च

कंपाउंडरनं दिलेलं निळं औषध नळीत चमचाभर, लघवीचे आठ थेंब, दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर बरं. हिरवं झालं तर थोडी साखर. विटकरी म्हणजे फार.

विटकरी!

घरात साखरेचा कण नाही. चहात माझ्या माहेरचा, वेळणेश्वरचा माडाचा गूळ. वन्सं म्हणतात, "तुझंच कायतरी चुकलं गो वैनी."

शनिवार, ८ मार्च

वाचनालयातून मधुमेहाचं पुस्तक आणलं. दोनदा वाचलं. गूळ, मध, काकवी — उसाची असो की माडाची — रक्तात साखर वाढतेच म्हणे. पटेना. गूळ बंद करून बघते. बाकी सगळं तेच, गोळ्याही त्याच.

मंगळवार, ११ मार्च

नळी हिरवी!

दाखवायला धावले आणि दारातच पाय थांबले. शेवटचं वर्षभर ह्यांना मीच दिला हा गूळ. रोज तीन कप. "झाडाचा आहे, बाधत नाही" — माझेच शब्द. वन्संना म्हटलं, मीच मारलं त्यांना. त्या लंगडत परसात निघून गेल्या.

बुधवार, १९ मार्च

मला जेवण जात नाही.

शुक्रवार, २८ मार्च

जखम सुकली! अंगठा राहिला. कंपाउंडरला नारळ दिला, देवापुढे दुसरा ठेवला. कुणाकुणाचे उपकार मानू! ह्यांच्या वेळी एवढं कळलं असतं तर...

रविवार, ३० मार्च

वन्सं आज आपणहून बोलल्या. "तुझा गूळ काय घेऊन बसल्येस! दादाला तो चहा आवडतच नव्हता. निम्मा परसात ओतायचा नि संध्याकाळी फिरायला म्हणून माझ्याकडे यायचा. त्याच्या चहात साखर मीच घालत होत्ये. दोन-दोन चमचे. माझा भाऊ तो, नाय कसं म्हणू गो?"

सहा वर्षं हे पोटात ठेवून माझ्याशेजारी निजल्या.

मी उठून चहा टाकला. दोघींचा, बिनगोडाचा.