शिवणवर्गाची पाटी काढू नये

मी, सोजराबाई जानराव तायडे, वय ७१, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार धाड, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. राग आहे, पण तो विचार करून आलेला आहे.

१. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आमची संस्था एकोणीस वर्षं चालली. घरात, शेतात, शाळेत ज्यांच्यावर अत्याचार झाले अशा मुली तिथे येत. पाटी मात्र 'शिवणवर्ग' अशीच होती. मुलीने हातात कापड घेऊन यायचं, म्हणजे रस्त्यात कोणी विचारलं तरी उत्तर तयार. शिवणही खरंच शिकवत असू.

२. गेल्या वर्षी मुलींना मशीन दिल्या, त्याही आतल्या खोलीत. अध्यक्ष दयारामभाऊ म्हणाले, फायलीला फोटो लागतात. मी काढू दिले. ती चूक माझी. बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर फ्लेक्स लागला : 'अत्याचारग्रस्त कन्यांना शिलाई मशीन वाटप'. वर भाऊंचा हात जोडलेला फोटो, खाली अकरा मुलींचे चेहरे.

जाब विचारला तर म्हणतात, "ताई, चांगलं काम लोकायले दिसलं पाह्यजे ना!"

"काम नाही दिसलं भाऊ, पोरी दिसल्या."

दुसऱ्या दिवशी एक मुलगी कात्री परत द्यायला आली. "नर्सबाई, आता कायले कापड आणू? साऱ्यायले माहीत झालं."

महिन्याभरात खोली रिकामी झाली. मग ठराव : 'मुलींचा प्रतिसाद नसल्याने संस्था बंद करण्यात येत आहे.' त्यावर माझी सही नाही. फ्लेक्सबद्दल पोलिसांत दिलेल्या तक्रारीची पोच सोबत जोडली आहे. मी गेले म्हणून हर्षलने ती तक्रार सोडून देऊ नये.

३. हर्षल हा माझा भाचा. घर त्याला. फ्लेक्सला हात लावायला कोणी धजेना, तेव्हा भरबाजारात खांबावर चढून त्याने तो ब्लेडने कापला. खालून लोक ओरडत होते, "काऊन फाडून राह्यला बे?" हा कापतच राहिला. पुढची खोली मात्र अजीजुन्निसाच्या हयातीत तिच्याच वापरात राहील. तिने तिथे मुलींना कटिंग शिकवलं. माझ्या दोन्ही मशीन तिच्या.

४. संस्थेचं दप्तर मी सुपूर्द केलं. मुलींनी मला सांगितलेलं ज्यात आहे, ती वही माझी खाजगी आहे. दयारामभाऊंनी ती तीनदा मागितली, स्मरणिकेसाठी! ती अजीजुन्निसाला द्यावी. तिने प्रत्येकीची पानं प्रत्येकीच्याच हातात द्यावीत. आईच्या नाही, नवऱ्याच्या नाही. नको म्हणाली तर तिच्यासमोर जाळावीत. झेरॉक्स काढू नये.

५. वाटपाच्या दिवशी मला दिलेली शाल दयारामभाऊंना परत करावी. घडी मोडलेली नाही. माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाच, तर हर्षलने पुन्हा खांबावर चढावं.

६. पाटी काढू नये. अजीजुन्निसा, एखादी कापड घेऊन आली तर तिला आधी बसायला दे. दार उघडं ठेवायचं की लावायचं, ते तिला विचार. नाव विचारू नकोस. सांगेल तेव्हा सांगेल.

वरील मजकूर मी वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) सोजराबाई जानराव तायडे

साक्षीदार :
१. गोविंदा उकंडराव खरात, किराणा दुकानदार (सही)
२. झुंबरबाई शिंगणे, निवृत्त शिक्षिका (सही)

(अजीजुन्निसाला वाटा आहे, म्हणून तिची साक्ष घेतली नाही. तिने रुसू नये.)

ठिकाण : धाड
दिनांक : १२ जानेवारी २०२५