खुराड्यातला दिवा

२ डिसेंबर
बावीस कोंबड्या आणि अंडी तीन! काल चार होती. दिवस लहान झाला की कोंबड्याही हात आखडता घेतात.
त्यांना दिवस मोठा वाटावा म्हणून खुराड्यात दिवा लावायचा, त्याचं सगळं हे बघायचे. अंडी गोळा करणं माझ्याकडे. हे जाऊन पाच महिने झाले. दिवा कधी लावायचा, किती वेळ ठेवायचा — कुठंच लिहून ठेवलेलं नाही. लिहायचा कंटाळा. आणि मीही कधी विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं मला?

५ डिसेंबर
मुलाचा रविवारचा फोन. "आई, एवढा हिवाळा बघू. नाही झेपलं तर कोंबड्या देऊन टाकू, घराला कुलूप लावू, आणि तू इकडं ये." मागून सूनबाई — "खोली रंगवून ठेवलीय हं!"
चांगली आहेत दोघं. म्हणून तर अवघड. वाईट असती तर सरळ नाही म्हणाले असते.
फेब्रुवारी लागेपर्यंतची मुदत मागून घेतली. सातव्या मजल्यावर मी काय करू? खिडक्या पुसू?

६ डिसेंबर
यांचा तो तापणारा लाल दिवा माळ्यावरून काढला, पुसला, तुळईच्या साखळीला टांगला. अंधार पडल्यावर लावला, आठला बंद केला. फजिती! कोंबड्या अजून खालीच फिरत होत्या. एकदम अंधार झाल्यावर त्यांना काही दिसेना. एकमेकींच्या अंगावर ढीग. मुकादमीण — ती मोठी काळी, जी सगळ्यांवर हुकूम सोडते — खाद्याच्या बादलीत अडकली. बॅटरीच्या उजेडात एकेकीला उचलून दांडीवर बसवलं. बावीस वेळा वाकले. कंबर बोलतेय.

७ डिसेंबर
वाचनालयातून कोंबडीपालनाची पुस्तिका आणली. मी दुसरीतून शाळा सोडलेली. पुढचं वाचायला शिकले ते खाद्याच्या पोत्यांवरची अक्षरं लावून, त्यामुळे हे पुस्तक तसं ओळखीचंच वाटलं. त्यात लिहिलंय की उजेड पहाटे वाढवावा, संध्याकाळ आपोआप होऊ द्यावी, म्हणजे पक्षी वेळेत दांडीवर चढतात.
म्हणजे हे पाचला उठायचे ते यासाठी! मला वाटायचं, यांना झोप लागत नाही. "तुमच्या खुडबुडीनं माझीही मोडते" असं म्हणायचे मी. एकदाही उलट बोलले नाहीत. चपला हातात घेऊन जायला लागले, एवढंच.

१३ डिसेंबर
सहा अंडी. पाचला उठतेय.

२१ डिसेंबर
बादलीतलं पाणी वरून गोठलं होतं. काठीनं फोडलं.
सुताराकडून भुशाची चार पोती आणून खुराड्यात पसरली. हिवाळ्यात खालचा भुसा काढायचा नाही, वर नवा घालत जायचं. खालचा कुजतो आणि स्वतःच ऊब धरतो. हे मात्र मला येतं, इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून केलंय. वाऱ्याचा झरोकाही गोणपाटानं बंद करून टाकला. आत कशी मस्त ऊब!

२६ डिसेंबर
अक्षर वेडंवाकडं येतंय.
पाचला दिवा लावून आत आले. चहा केला, पुस्तक उघडलं. साडेसहाला वास आला — केस जळल्यासारखा. धावले. दिव्याखाली ताटाएवढं काळं वर्तुळ, कडेनं लाल, धूर निघत होता. बादली ओतली, पायानं तुडवलं. कोंबड्या सगळ्या कोपऱ्यात. एकीचं शेपूट जळलं, बाकी सगळ्या ठीक.
चूक कळायला अर्धा तास लागला. मी भुसा घालत गेले, घालत गेले, वीतभर तरी वाढला असेल. दिवा होता तिथंच होता. जमीन वर आली होती!
खुराड्याची मागची भिंत म्हणजे माझ्या झोपायच्या खोलीची भिंत.
मुलाला काय सांगू? सांगितलं तर संध्याकाळच्या गाडीनं येईल न्यायला.

२८ डिसेंबर
वायरमनला बोलावलं. जळकं दाखवलं. त्यानं पायानं भुसा उकरून पाहिला. मग म्हणाला, "काकू, कोंबडीनं स्वेटर अंगातच घातलेला असतो. तुम्ही वरून शेकोटी कशाला देताय?"
"थंडी वाजत असेल ना रे त्यांना."
"तुम्हाला वाजतेय. त्यांना उजेड हवाय. आणि हा झरोका कोणी बुजवला? आत घाणीच्या वाफेनं डोळे चुरचुरतायत माझे. ओलीनं आजारी पडतील, थंडीनं नाही."
गोणपाट त्यानंच ओढून काढलं. छोटा, न तापणारा दिवा बसवला, जाळीत. टायमर लावला. पाचला आपोआप लागणार, उजाडल्यावर बंद होणार. जाताना म्हणतो, "आता झोपा निवांत!"

२९ डिसेंबर
पाचला जाग. खिडकीतून पाहिलं — दिवा लागलेला. कोणीही न लावता.
पडून राहिले. उठायला कारण नव्हतं. बाजूची जागा खूप मोठी वाटली.

९ जानेवारी
नऊ अंडी. झरोका उघडा आहे, भुसा कोरडा आहे. जळक्या शेपटीची सगळ्यांत आधी दांडीवरून उतरते.

१६ जानेवारी
अकरा! मुलाला सांगितलं. "वा, आई! जिंकलीस की!" सूनबाई म्हणाली, खोलीत मग शिलाईचं मशीन ठेवते.
मी हसले. आगीचं काही बोलले नाही. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. खोटं बोलून मिळवलेलं घर माझं कसं? हे असते तर दुसऱ्या दिवशीच सांगून मोकळे झाले असते. त्यांच्या हातून असलं झालंच नसतं म्हणा.

२३ जानेवारी
सगळं सांगितलं मुलाला. वर्तुळ, धूर, भिंत — सगळं. म्हटलं, आता तू ठरव.
मग म्हणाला, "आई, बाबांच्या हातूनही झालं होतं. असंच. भुसा वाढला, दिवा खालीच राहिला. मी दहा वर्षांचा होतो, तू मावशीकडे गेली होतीस. दोघांनी मिळून विझवलं. सात कोंबड्या गेल्या. बाबा रडले. तुला कोल्हा आला असं सांगायचं ठरलं. तेव्हापासून मला त्या दिव्याची भीती वाटते. तू एकटी आहेस याची नाही."
नवा दिवा तापत नाही, असं मी तीनदा सांगितलं. "मग राहा," म्हणाला.
फोन ठेवला आणि यांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. कोल्हा म्हणे! चांगली तासभर भांडले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.