डेल्फीच्या आईचा तवा

स्लेट क्रीक, पूर्व केंटकी
९ मार्च १९७८

तीर्थरूप लुरीनताईस,

धाकट्या डेंझिलचा वाकून नमस्कार (गुडघ्यानं परवानगी दिली तेवढाच वाकलोय, उरलेला समजून घे). तुझा खोकला, भावजींचं बहिरेपण आणि तुमच्या डेटनची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी बरा आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, आणि टिंकर कुत्रा जरा जास्तच बरा आहे, त्याचं कारण पुढे येईल. गेल्या सहा महिन्यांत तुझी तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, याबद्दल जे काय बोलायचं ते एकदा मनातल्या मनात बोलून घे, म्हणजे मला पुढे लिहिता येईल.

डेल्फीचं तुला कळलंच असेल. आमची शेजारीण एफी रॅटलिफ हिला फोन मिळाल्यापासून या खोऱ्यात कुणाचं काही कळायचं राहत नाही. जानेवारीत डेल्फी अंडी आणायला गेली आणि खुराड्यासमोरच्या बर्फावर घसरली. खुबा मोडला, अंडी शाबूत. दवाखान्यात हाडाला लोखंडी पट्टी लावून खिळे ठोकले. डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, काम चांगलं केलंय, आम्ही खाणीत छताला असेच ठोकायचो. त्याला ते फारसं आवडलं नाही. घरी आणून पाच आठवडे झाले. पुढच्या खोलीत खाट टाकली आहे आणि डेल्फी त्या खाटेवर पडून छताकडे बघत असते. हाड जुळलंय, आता पोटभर खायचं आणि वॉकर धरून चालायचं, असं डॉक्टर सांगतो. पण ती खातही नव्हती आणि वॉकरकडे बघतही नव्हती. वॉकरवर मी माझी टोपी अडकवायला लागलो होतो. मग गेल्या महिन्यात डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, मार्चअखेरपर्यंत हिनं पाऊल टाकलं नाही तर लेक्सिंग्टनच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. हे बोलताना तो माझ्याकडे न बघता गाडीच्या किल्ल्यांकडे बघत होता. ताई, मी तेहतीस वर्षं डोंगराच्या पोटात काढली, दोनदा छत माझ्या पाठीमागे बसलं, पण असा कधी घाबरलो नव्हतो.

चर्चच्या बायकांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. कोंबडीचा रस्सा आला, घेवडा आला, सात प्रकारचे केक आले. डेल्फी प्रत्येकीचे गोड हसून आभार मानायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची. (माझा पट्टा दोन भोकं पुढे गेलाय.) मग एके सकाळी तिनं छताकडे बघतच म्हटलं, "बेकन असतं तर खाल्ला असता एखादा तुकडा." मला तर आभाळ हाताला लागल्यासारखं झालं. बेकन! घरचं डुक्कर, नोव्हेंबरात मी स्वतः कापलेलं, स्वतः मीठ चोळलेलं, हिकरीच्या लाकडाची धुरी देऊन धुरीच्या खोपटात टांगलेलं. डुकराच्या जन्मापासून धुरीपर्यंत मला विचारशील ते सांगेन. पण स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापलीकडे त्याचं काय होतं, हे मी एकेचाळीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. मी खुर्चीत बसायचो आणि बेकन यायचं.

आता तुला तो तवा आठवत असेल. डेल्फीच्या आईचा, बिडाचा, जाडजूड, उभ्या काठाचा, काळ्या मांजरासारखा चकचकीत. सासूबाई गेल्या तेव्हा जमीन, गाय, शिवणयंत्र यांवर तिघी बहिणी एक शब्द बोलल्या नाहीत, तव्यावरून मात्र दोन वर्षं अबोला होता. तो तवा डेल्फीच्या वाट्याला आला आणि तेव्हापासून शेगडीवरच्या खिळ्याला आहे. पाहुण्यांना मी आधी तवा दाखवतो आणि मग बसायला सांगतो. तर मी तो खाली उतरवला, गॅस पूर्ण मोठा केला (माणूस आजारी असताना बारीक आच ठेवणं मला कंजूषपणाचं वाटलं), तवा लालबुंद होईपर्यंत वाट पाहिली आणि बोटभर जाडीचे नऊ तुकडे एकदम टाकले. पुढचं मला नीट दिसलं नाही. धूर इतका झाला की मी शेगडीशी बोलत होतो की कपाटाशी, सांगता येत नाही. तेवढ्यात फोन वाजला. तू जाणतेस, मी इथल्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांत आहे. फोनवर आमच्या दलाचा माणूस ओरडला, "डेंझिल, टॅकेटच्या घराला आग लागलीय, एफीनं कळवलंय, ताबडतोब निघ!" मी म्हटलं, निघालोच. वॉकरवरची टोपी उचलली, बूट चढवले, पळत फाटकापर्यंत गेलो, आणि आपल्याच फाटकावर टॅकेट हे नाव वाचून थांबलो. डेल्फीनं हे सगळं खाटेवरून पाहिलं. तिनं चादर तोंडावर ओढून घेतली आणि चादर बराच वेळ हलत होती.

ते नऊ तुकडे टिंकरला मिळाले. दुसऱ्या दिवशी एफी कुंपणावर आली. "अरे मेल्या, तापल्या तव्यात टाकतात का कुणी बेकन? थंड तव्यात मांड, आच बारीक ठेव आणि गप उभा राहा. ते आपली चरबी आपण सोडतं, त्याच चरबीत शिजतं. तुला फक्त आड यायचं नाहीये!" हे मला पटलं. थंड तव्यात तुकडे शेजारी शेजारी मांडले, आच इतकी बारीक केली की तिच्याहून बारीक होणं शक्य नव्हतं, आणि हाताची घडी घालून वीस मिनिटं आड न येता उभा राहिलो. गॅस विझलेला होता. परत पेटवला, बेकन झालं, दिसायला सुरेख, पण घरी खारवलेलं बेकन आधी तासभर पाण्यात ठेवायचं असतं हे एफीनं सांगितलं नव्हतं (तिच्या मते हे नुकत्याच जन्मलेल्या बाळालाही ठाऊक असतं). डेल्फीनं एक घास घेतला आणि तीन पेले पाणी प्यायली. डॉक्टरनं पाणी जास्त प्यायला सांगितलंच होतं, तेवढाच फायदा.

आता खरा भाग येतो. पहिल्या दिवशीचं जळकं तव्याला चिकटलं होतं. मी साबण घेतला. ताई, किंचाळू नकोस. मला ठाऊक आहे, बिडाच्या तव्याला साबण लावणारा माणूस या डोंगरात बेपत्ता झाला तर कुणी शोधायला जात नाही. पण मी लावला, तारेच्या घासणीनं घासला आणि रात्रभर भिजत ठेवला. सकाळी तवा गंजून नारिंगी झाला होता. तेव्हा मला आठवलं, आपली आई चढलेलं कीट जाळायला तवा विस्तवात टाकायची. मी तो मागच्या खोलीतल्या कोळशाच्या शेगडीत टाकला. कीट जळलं, गंज गेला, तवा चेरीसारखा लाल झाला. आई काय करायची? विस्तव विझू द्यायची आणि तवा दुसऱ्या दिवशी काढायची. मी काय केलं? मी खाणकामगाराला सुचेल ते केलं. कुदळीचं टोक बोथट झालं की लोहार ते लाल करून पाण्यात बुडवतो, पोलादाला पाणी देतो, टोक पहिल्यापेक्षा कडक होतं. हे मी हजार वेळा पाहिलंय. मला वाटलं, लोखंड ते लोखंड. चिमट्यानं तवा उचलला, मागच्या दारी नेला आणि पावसाच्या पाण्याच्या पिंपात बुडवला. असा आवाज झाला की कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत. वर काढला तेव्हा तव्याला काठापासून काठापर्यंत चीर होती, उजेड पलीकडून दिसत होता. मी तिथे पिंपाशेजारी बसलो आणि खोटं कशाला बोलू, रडलो. तवा आता धुरीच्या खोपटात मिठाच्या पोत्यामागे आहे.

त्या दिवसापासून मी शिकारीला नेतो त्या अॅल्युमिनियमच्या पातळ भांड्यात बेकन करतो. आणि ताई, जमायला लागलंय! तासभर पाण्यात, मग कोरडं पुसून थंड भांड्यात, मग बारीक आच (पेटलेली), दर दोन मिनिटांनी उलटं. कडा वळायला लागल्या की तिला वास जातो आणि खाटेची स्प्रिंग वाजते, म्हणजे ती उशीला टेकून बसली. आधी दोन तुकडे खाल्ले, मग तीन आणि अंडं, परवा उरलेल्या चरबीत परतलेला घेवडा आणि मक्याची भाकरी. गालांवर रंग आलाय. प्रत्येक वेळी खाताना म्हणते, "काहीही म्हण डेंझिल, आईच्या तव्याची चव कशालाच नाही." मी मान हलवतो आणि आतून मरतो. आणि काल म्हणाली, "ईस्टरला मी उठणार. आईचा तवा खाली काढणार आणि बेकन माझ्या हातानं करणार." तिनं उभं राहावं म्हणून मी दोन महिने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि आता रोज सकाळी ईस्टर लांब जावा असं वाटतं. ती उठेल, स्वयंपाकघरापर्यंत येईल, रिकामा खिळा बघेल आणि परत जाऊन छताकडे बघायला लागेल. मग मी तिला कशानं उठवू?

बाकी सगळं ठीक. भावजींना नमस्कार मोठ्यानं सांग. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा भाऊ,
डेंझिल

ता. क. १: आपल्या आईचा तवा तुझ्याकडे आहे ना? मापाला तो डेल्फीच्या तव्याएवढाच आहे, मी तेव्हाच मोजला होता. बावन्न साली बसमध्ये चढताना तो मांडीवर घेऊन बसलीस आणि मी खिडकीखालून ओरडलो होतो, की ने, पुन्हा कधी मागणार नाही. तर आता मागतोय. ईस्टरपर्यंत पाठव. तू म्हणे हल्ली बेकन ओव्हनमध्ये भाजतेस, म्हणजे तवा रिकामाच असणार. (हे ओव्हनचं मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, तव्याचं तेवढं बघ.)

ता. क. २: त्या दिवशी खिडकीखालून आणखी काही बोललो होतो, तेही परत घेतो.

ता. क. ३: तिकिटं संपलीत. एफीकडून घेऊन येतो. तोवर पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या भांड्याखाली ठेवतोय. तिथे मी आणि टिंकर सोडून कुणी येत नाही.

*

लुरीनवन्सं, नमस्कार.

मी डेल्फी. तुमचे बंधू एफीकडे गेलेत, म्हणजे अर्धा तास निश्चिंती. पत्र वाचलं. वाचू नये, पण माझ्याच साखरेखाली होतं.

बिडाचा तवा शेगडीवर ठेवला की धप्प वाजतो. पहिल्या आठवड्यातच धप्प जाऊन खुळखुळ यायला लागली. तेव्हाच मला कळलं की तव्याचं काहीतरी झालंय. काय झालंय ते काही केल्या कळेना. पडून पडून विचार करून डोकं शिणलं. विचारलं असतं तर त्यानं खोटं सांगितलं असतं आणि त्याला ते जमत नाही, बघवत नाही. म्हणून शेवटी आज स्वतःच बघायला आले. टोपी त्याच्या डोक्यावर होती, म्हणून वॉकर मोकळा मिळाला. खाटेपासून टेबलापर्यंत तेरा पावलं झाली. मध्ये एकदा कपाटाला धरून शिव्या दिल्या, पण झाली.

आता तुम्हाला म्हणून सांगते. तो तवा माझ्या आईचा नाहीच. आईचा माझ्या हातून एकोणपन्नास साली फुटला, तापलेला असताना गार पाणी ओतलं म्हणून. बहिणींनी मला जिवंत सोडलं नसतं, तेव्हा गुपचूप गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून तसाच आणून खिळ्याला टांगला. एकोणतीस वर्षं हा माणूस पाहुण्यांना दुकानातला तवा दाखवून सासूचं कौतुक करतोय. मी काय बोलणार? आईबद्दल इतकं चांगलं दुसरं कुणी बोलत नव्हतं.

त्याला यातलं काही कळवू नका. बेकन अजूनही जरा खारटच होतं, पण रोज सकाळी तो माझ्यासाठी भांड्याशी वीस मिनिटं उभा राहतो, ते मला पडल्या पडल्या ऐकू येतं. मी चालते असं कळलं तर तो लगेच खुर्चीत जाऊन बसेल. ईस्टरपर्यंत त्याला करू दे. डॉक्टरला मात्र सोमवारी, याला बाहेर बसवून, चालून दाखवणार आहे.

तुमचा तवा पोस्टानं पाठवू नका. नेलात तसा मांडीवर घेऊन बसनं या, आणि ईस्टरला इथेच राहा. तो मागतोय तवा, पण पत्राच्या शेवटी तीन वेळा लिहून खोडलेली ओळ मी उजेडासमोर धरून वाचली, आणि तीत तव्याचं नाव नाही, तुमचं आहे.

पाकीट मीच चिकटवून ठेवते, त्याला वाटेल आपणच चिकटवलं. फाटक वाजलं, जाते. परत जाताना बारा पावलांत जमवायचं आहे.

डेल्फी